वाचकांचे प्रश्न : डेटाबेसमधील बिघडलेले पेज कसे दुरुस्त करावे?

प्रश्न : आमच्या नागरी सहकारी पतसंस्थेचे सर्व काम मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०१६ च्या स्टँडर्ड आवृत्तीवर चालते. महिनाअखेरीस व्याज आकारणीचा अहवाल काढताना तो मध्येच थांबला आणि ८२४ क्रमांकाची त्रुटी आली. त्रुटीच्या मजकुरात चेकसम (पडताळणीचा आकडा) चुकीचा असल्याचा उल्लेख असून पेजचा क्रमांक १:४८२१३ असा दिला आहे. काउंटरवरचे रोजचे काम मात्र सुरळीत चालू आहे. सॉफ्टवेअर पुरवठादाराने फोनवर सांगितले की, 'रिपेअर अलाऊ डेटा लॉस' हा पर्याय देऊन डीबीसीसी चेकडीबी (डेटाबेस तपासणारी आणि दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा, दहा मिनिटांत त्रुटी जाईल. आमच्याकडे दर रविवारी पूर्ण बॅकअप आणि दर तासाला लॉगचा (झालेल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीचा) बॅकअप होतो. रिकव्हरी मॉडेल 'फुल' आहे, म्हणजे लॉग त्याचा बॅकअप होईपर्यंत जपून ठेवला जातो. पुरवठादार सांगतो तसे करावे का?
— संगणक विभागातील एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : नाही, निदान आत्ता तरी नाही. आपल्याकडे पूर्ण बॅकअप आणि लॉगचे बॅकअप दोन्ही असताना हा पर्याय वापरण्याचे काहीच कारण दिसत नाही, आणि तो वापरल्यास ज्या नोंदी आज परत मिळू शकतात त्या कायमच्या जातील. त्रुटी जाईल हे पुरवठादाराचे म्हणणे खरे आहे. त्रुटीबरोबर आणखी काय जाईल, हे त्याने सांगितलेले नाही.

आधी तातडीच्या गोष्टी. सर्व्हर पुन्हा सुरू करू नका, डेटाबेस डिटॅच (सर्व्हरपासून वेगळा) करू नका आणि लॉगचे बॅकअप एक तासही थांबू देऊ नका. जुने बॅकअप ठरावीक दिवसांनी आपोआप पुसणारा जॉब असेल, तर तो आजच बंद करा. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची का आहे, ते पुढे येईल.

एसक्यूएल सर्व्हर डेटा ८ किलोबाइटच्या पेजमध्ये ठेवतो. प्रत्येक पेजच्या सुरुवातीला ९६ बाइटचा हेडर असतो आणि पेज डिस्कवर लिहिले जात असताना त्यातील मजकुरावरून काढलेला चेकसम याच हेडरमध्ये नोंदला जातो. तेच पेज पुन्हा डिस्कवरून वाचताना चेकसम नव्याने काढला जातो आणि दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर ८२४ ही त्रुटी येते. म्हणजे सर्व्हरने जे लिहायला दिले आणि पुढे जे वाचले, त्यांत फरक पडला आहे. हा फरक बहुतेक वेळा डेटाबेसच्या खालच्या थरात पडतो : डिस्क, तिचा कंट्रोलर, ड्रायव्हर किंवा फर्मवेअर यांपैकी कोठेतरी. ही तपासणी पेज वाचले जाते तेव्हाच होते, हे ध्यानात घेतले की आपल्याकडील लक्षणांचा उलगडा होतो. काउंटरवरील कामात चालू खात्यांच्या ताज्या नोंदी वाचल्या जातात, तर व्याजाचा अहवाल संपूर्ण टेबल वाचतो आणि म्हणून तो अशा पेजपर्यंत पोहोचला, ज्याला कदाचित कित्येक आठवडे कोणी हात लावला नव्हता.

यातून एक अडचण निघते आणि तिचा विचार पुष्कळदा केला जात नाही. पेज नेमके कधी बिघडले हे आपल्याला ठाऊक नाही. त्रुटी दिसली तो दिवस बिघाडाचा दिवस असेलच असे नाही. गेल्या रविवारचा बॅकअप घेताना पेज आधीच बिघडलेले असेल आणि बॅकअपच्या आज्ञेत 'चेकसम' हा पर्याय दिलेला नसेल, तर ते बिघडलेले पेज जसेच्या तसे बॅकअपमध्ये गेले असणार. मात्र घाबरून जाऊ नका. पूर्ण बॅकअप घेतल्याने लॉगच्या बॅकअपची साखळी तुटत नाही. गेल्या रविवारचा बॅकअप खराब निघाला तर त्याच्या आधीच्या रविवारचा, तोही खराब असेल तर त्याच्याही आधीचा घेता येतो. अट एवढीच की, त्या दिवसापासून आजपर्यंतचा लॉगचा प्रत्येक बॅकअप शाबूत असला पाहिजे. जुने बॅकअप पुसणारा जॉब बंद करण्यास सांगितले, ते यासाठी.

आता निदान. डीबीसीसी चेकडीबी जरूर चालवा, पण दुरुस्तीचा कोणताही पर्याय न देता; केवळ 'नो इन्फोमेसेजेस' आणि 'ऑल एररमेसेजेस' हे दोन पर्याय द्या, म्हणजे अनावश्यक माहिती गळून सर्व त्रुटी दिसतील. त्याला वेळ लागला तरी मध्येच थांबवू नका. अहवालाच्या शेवटी बहुधा अशा अर्थाची ओळ येईल की, आढळलेल्या त्रुटींसाठी दुरुस्तीची किमान पातळी 'रिपेअर अलाऊ डेटा लॉस' ही आहे. पुष्कळ लोक ही ओळ सल्ला म्हणून वाचतात, पण तो सल्ला नाही. या आज्ञेच्या साहाय्यानेच दुरुस्ती करायची झाली तर याहून सौम्य पर्याय पुरणार नाही, एवढाच तिचा अर्थ आहे. आपल्याकडे बॅकअप आहे की नाही, हे त्या आज्ञेला माहीत नसते.

अहवालात प्रत्येक त्रुटीसोबत इंडेक्सचा (नोंदी पटकन शोधण्यासाठीच्या सूचीचा) आयडी दिलेला असतो आणि पुढची सारी दिशा त्यावर ठरते. तो २ किंवा त्याहून मोठा असेल, तर बिघडलेले पेज एखाद्या नॉनक्लस्टर्ड इंडेक्सचे आहे आणि मूळ नोंदींना धक्का लागलेला नाही, कारण असा इंडेक्स मूळ टेबलवरून केव्हाही नव्याने बांधता येतो. तो इंडेक्स आधी डिसेबल करा आणि मग रीबिल्ड करा. ऑनलाइन रीबिल्ड करू नये, कारण त्या पद्धतीत जुन्या, बिघडलेल्या इंडेक्सवरूनच नवा इंडेक्स तयार केला जातो. आयडी ० किंवा १ असेल, तर मात्र पेजमध्ये प्रत्यक्ष नोंदी आहेत. ० म्हणजे क्लस्टर्ड इंडेक्स नसलेले टेबल आणि १ म्हणजे क्लस्टर्ड इंडेक्स, म्हणजे स्वतः टेबलच. किती आणि कोणती पेजेस बिघडली आहेत, हे एमएसडीबी या सिस्टिम डेटाबेसमधील सस्पेक्ट पेजेस या टेबलातही पाहून घ्या. यादी चेकडीबीच्या अहवालाशी ताडून पाहिलेली बरी.

समजा, आयडी १ निघाला. अशा वेळी संपूर्ण डेटाबेस रिस्टोअर करण्याची गरज नसते; एसक्यूएल सर्व्हरला तेवढे एकच पेज बॅकअपमधून परत आणता येते. ही सोय रिकव्हरी मॉडेल 'फुल' किंवा 'बल्क-लॉग्ड' असेल तरच मिळते आणि आपले मॉडेल 'फुल' आहे. फक्त फाइलचे हेडर पेज, डेटाबेसचे बूट पेज आणि जागेच्या वाटपाची नोंद ठेवणारी काही पेजेस या रीतीने परत आणता येत नाहीत. सामान्य टेबलच्या पेजला ही अडचण नाही.

प्रत्यक्ष डेटाबेसला हात लावण्यापूर्वी निवडलेला पूर्ण बॅकअप दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या नावाने रिस्टोअर करा, त्यावर त्यानंतरचे लॉगचे सर्व बॅकअप क्रमाने लावा आणि शेवटी तेथे चेकडीबी चालवा. त्रुटी आली नाही, तर बॅकअप निर्दोष आहे आणि साखळीही पूर्ण आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सिद्ध होतात. त्रुटी आली, तर एक रविवार मागे जाऊन हेच पुन्हा करा. या कामात एक दिवस गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

त्यानंतर संस्थेचे काम बंद असतानाची वेळ ठरवा, कारण स्टँडर्ड आवृत्तीत पेज परत आणताना डेटाबेस ऑफलाइन असावा लागतो. डेटाबेस चालू ठेवून हे काम करण्याची सोय एंटरप्राइझ आवृत्तीत आहे. सर्वांना बाहेर काढून लॉगचा अखेरचा बॅकअप, म्हणजे टेल लॉग बॅकअप, 'नोरिकव्हरी' पर्यायासह घ्या. त्यामुळे डेटाबेस रिस्टोअरच्या अवस्थेत जातो आणि अगदी शेवटच्या क्षणापर्यंतचा व्यवहार आपल्या हाती राहतो. मग निर्दोष ठरलेल्या पूर्ण बॅकअपमधून रिस्टोअरची आज्ञा द्या, तीत पेजचा क्रमांक १:४८२१३ लिहा आणि पुन्हा 'नोरिकव्हरी' द्या. पुढे त्या बॅकअपनंतरचे लॉगचे सर्व बॅकअप क्रमाने, प्रत्येक वेळी 'नोरिकव्हरी' देऊन लावा. शेवटी टेल लॉग लावताना मात्र 'रिकव्हरी' द्या. जुने पेज आणले म्हणून जुन्या नोंदी राहतील, ही भीती बाळगू नका. त्या पेजवर त्यानंतर झालेला प्रत्येक बदल लॉगमधून पुन्हा केला जातो आणि पेज उरलेल्या डेटाबेसच्या बरोबरीला येते. काउंटर उघडण्याआधी पुन्हा एकदा चेकडीबी चालवा आणि ताबडतोब नवा पूर्ण बॅकअप घ्या, या वेळी 'चेकसम' पर्यायासह.

आता पुरवठादाराच्या सल्ल्याकडे वळू. 'रिपेअर अलाऊ डेटा लॉस' या पर्यायात ज्या पेजचा चेकसम जुळत नाही, ते पेज टेबलमधून सोडून दिले जाते आणि मागची-पुढची पेजेस एकमेकांना जोडली जातात, जसे खातेवहीतले खराब झालेले पान फाडून वही पुन्हा शिवावी. वही सलग दिसते, पण त्या पानावरच्या नोंदी गेलेल्या असतात. आपल्या व्यवहारांच्या टेबलातील एक नोंद साधारण २०० बाइटची धरली, तर एका पेजवर सुमारे ४० नोंदी मावतात. म्हणजे चाळीस भरणे किंवा उचल यांचा पुरावा नाहीसा होईल. ही आज्ञा फॉरेन की (टेबलांमधील नोंदींचे संबंध राखणारा नियम) पाळत नाही, त्यामुळे मूळ नोंद गेली तरी तिच्यावर अवलंबून असलेल्या इतर टेबलांतील नोंदी तशाच राहतात. शिवाय संबंधित नॉनक्लस्टर्ड इंडेक्सही नव्याने बांधले जातात, म्हणून काय गेले याची खूणही उरत नाही. यानंतर चेकडीबी एकही त्रुटी दाखवणार नाही आणि सर्वांना वाटेल की काम झाले. शिल्लक वेगळ्या टेबलात साठवली असेल, तर ती व्यवहारांच्या बेरजेशी जुळणार नाही आणि ही तफावत एखादा ठेवीदार पासबुक घेऊन समोर उभा राहील तेव्हाच उघड होईल. त्या ठेवीदाराचा यात काहीही दोष नाही. म्हणूनच दहा मिनिटांच्या सोयीसाठी हा मार्ग सुचवणे मला गैर वाटते.

एखाद्याला दुसरा मार्गच नसेल, तर ही आज्ञा आधी डेटाबेसच्या प्रतीवर आणि ट्रान्झॅक्शन सुरू करून त्याच्या आत चालवावी. डेटाबेस इमर्जन्सी अवस्थेत (एरवी न उघडणाऱ्या डेटाबेससाठीच्या खास अवस्थेत) नसेल, तर परिणाम पाहून रोलबॅक करता येतो. इमर्जन्सी अवस्थेतील दुरुस्ती मात्र मागे घेता येत नाही. त्यानंतर डीबीसीसी चेककन्स्ट्रेंट्स चालवून कोणते संबंध तुटले, त्याची यादी करावी.

पेज दुरुस्त झाले तरी ते बिघडवणारी डिस्क तेथेच आहे, हे विसरू नका. विंडोजचा सिस्टिम लॉग आणि रेड (अनेक डिस्क एकत्र चालवणारी रचना) कंट्रोलरचा लॉग तपासा, फर्मवेअर पाहा आणि थोडी जरी शंका वाटली तरी डेटाबेस दुसऱ्या डिस्कवर हलवा. ८२३, ८२४ आणि ८२५ या तिन्ही त्रुटींसाठी एसक्यूएल सर्व्हर एजंटमध्ये अलर्ट लावा. यांपैकी ८२५ कडे विशेष लक्ष द्या. पहिल्या प्रयत्नात पेज वाचता आले नाही, पण पुन्हा वाचल्यावर आले, असा तिचा अर्थ असतो. ती केवळ माहिती म्हणून लॉगमध्ये पडून राहते आणि वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही, पण डिस्क बिघडू लागल्याची इतकी आधी मिळणारी सूचना क्वचितच मिळते.

प्रश्न : आमच्या दूध संकलन केंद्राचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरवरच आहे, पण रिकव्हरी मॉडेल 'सिंपल' ठेवलेले असून लॉगचा बॅकअप कधीच झालेला नाही. शेवटचा पूर्ण बॅकअप दोन महिन्यांपूर्वीचा आहे. संकलनाच्या टेबलातील एक पेज बिघडले आहे आणि ते क्लस्टर्ड इंडेक्सचे आहे. आता सर्व नोंदी गेल्या असे समजावे का?
— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : तसे मुळीच समजू नका. एकच पेज परत आणण्याचा मार्ग आपल्याला बंद आहे हे खरे, पण नोंदी गोळा करण्याचे मार्ग उरले आहेत आणि चिकाटी ठेवल्यास बहुतेक नोंदी मिळतील.

प्रथम सर्व्हरची सेवा थांबवून डेटा आणि लॉग या दोन्ही फाइलींची प्रत दुसऱ्या संगणकावर घ्या आणि यापुढील सर्व प्रयोग त्या प्रतीवरच करा.

संकलनाच्या टेबलचा क्लस्टर्ड इंडेक्स चढत्या अनुक्रमांकावर असेल, असे धरून चालतो. लहान अनुक्रमांकाकडून चढत्या क्रमाने नोंदी वाचत गेल्यास बिघडलेल्या पेजपाशी त्रुटी येईल; तेथपर्यंतच्या नोंदी नव्या टेबलात उतरवून घ्या. मग सर्वांत मोठ्या अनुक्रमांकाकडून उतरत्या क्रमाने तसेच करा. दोन्ही बाजूंनी आल्यावर मध्ये अनुक्रमांकांचा जो टप्पा उरेल, तेवढाच आपला प्रश्न आहे. बाकी सारे टेबल सुरक्षित आहे.

त्या टप्प्यात काय होते, हे नॉनक्लस्टर्ड इंडेक्स सांगतील. अशा प्रत्येक इंडेक्समध्ये त्याच्या स्वतःच्या स्तंभांबरोबर क्लस्टर्ड इंडेक्सची कीसुद्धा (येथे अनुक्रमांक) साठवलेली असते. उत्पादक क्रमांक आणि तारीख यांवर इंडेक्स असेल, तर क्वेरीत तोच इंडेक्स वापरण्याची सूचना देऊन आणि त्यातील स्तंभ सोडून दुसरा एकही स्तंभ न मागता त्या टप्प्यातील नोंदी मागा. बिघडलेल्या पेजला स्पर्शही न होता, कोणत्या उत्पादकाची कोणत्या तारखेची नोंद गेली त्याची पूर्ण यादी हाती येईल. इंडेक्समध्ये लिटर किंवा रक्कम हेही स्तंभ समाविष्ट असतील, तर तेही मिळतील. एकाहून अधिक इंडेक्स असल्यास प्रत्येकातून जे मिळेल ते घेऊन अनुक्रमांकावर जोडा.

यादी मिळाली की जुन्या बॅकअपकडे वळा. अनुक्रमांक वाढत जाणारा असल्याने एका पेजवरच्या नोंदी एकमेकींच्या जवळच्या वेळेच्या असतात. बिघडलेल्या पेजवरील तारखा दोन महिन्यांपूर्वीच्या निघाल्या, तर त्या बॅकअपमध्ये त्या असायलाच हव्यात. बॅकअप दुसऱ्या नावाने रिस्टोअर करून तेवढ्या नोंदी उचला. नंतर दरात किंवा रकमेत फरक केला असेल, तर तेवढे तपासून घ्यावे लागेल. तारखा त्यानंतरच्या असतील, तर आणखी एक उपाय आहे. प्रतीवर डेटाबेसचा 'पेज व्हेरिफाय' हा पर्याय 'नन' केला, तर पेज वाचताना चेकसम तपासला जात नाही. बिघाड पेजच्या एखाद्या छोट्या भागापुरताच असेल आणि त्याची रचना शाबूत असेल, तर नोंदी वाचता येतात. मात्र त्यांतील कोणता आकडा खरा आणि कोणता बिघडलेला, हे डेटाबेस सांगू शकत नाही. म्हणून असे मिळालेले लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट वगळता दुधातील घन पदार्थ) आणि रक्कम हे आकडे उत्पादकांकडील पावत्यांशी किंवा केंद्रातील छापील तक्त्याशी ताडल्याशिवाय बिलात घेऊ नका. चालू डेटाबेसवर हा पर्याय कधीही बदलू नये.

सर्व नोंदी नव्या टेबलात आल्यावर प्रत्येक दिवसाच्या लिटरची बेरीज संघाकडे पाठवलेल्या दुधाच्या आकड्याशी मिळवून पाहा आणि मगच जुने टेबल बाजूला काढा. त्यानंतर रिकव्हरी मॉडेल 'फुल' करून एक पूर्ण बॅकअप घ्या, कारण तो घेतल्यावरच लॉगच्या बॅकअपची साखळी सुरू होते. मग दिवसातून दोन वेळा, सकाळचे आणि संध्याकाळचे संकलन संपल्यावर, लॉगचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर जाईल अशी व्यवस्था करा.

प्रश्न : आम्ही पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरतो. एका टेबलच्या ४१२३ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये अवैध पेज असल्याची त्रुटी येते. 'झिरो डॅमेज्ड पेजेस' हा पर्याय चालू केल्यास काम होईल असे वाचले. तो सुरक्षित आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : या पर्यायाने बिघडलेले पेज वाचताना मेमरीत शून्यांनी भरले जाते, म्हणजे त्यावरील सर्व नोंदी सोडून दिल्या जातात. तो अगदी शेवटी, आणि आधी सर्व्हर थांबवून संपूर्ण डेटा डिरेक्टरीची प्रत घेतल्यावरच वापरावा. ती त्रुटी इंडेक्सच्या फाइलची असेल, तर रीइंडेक्स केल्याने काम भागते आणि पुढील काहीच करावे लागत नाही.

टेबलचीच फाइल असेल, तर प्रत्येक नोंदीला असलेला सीटीआयडी हा पत्ता वापरावा. त्यातील पहिला आकडा ब्लॉकचा असतो. आवृत्ती १४ पासून सीटीआयडीची मर्यादा घालून मागितलेल्या नोंदी थेट तेवढ्याच ब्लॉकमधून वाचल्या जातात. त्यामुळे ४१२३ च्या आधीचे आणि ४१२४ पासून पुढचे असे दोन तुकडे नव्या टेबलात उतरवून घेता येतात. त्याआधीच्या आवृत्त्यांत अशी मर्यादा घातली तरी संपूर्ण टेबल वाचले जाते आणि त्रुटी पुन्हा येते. फक्त सीटीआयडी बरोबरीने दिला तरच तेथे नेमकी नोंद मिळते, म्हणून एकेक ब्लॉक घेत जाणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी लागेल. एसक्यूएल सर्व्हरप्रमाणे एकच पेज बॅकअपमधून परत आणण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये नाही. गेलेल्या ब्लॉकमधील नोंदींसाठी बेस बॅकअप (संपूर्ण डेटाची मूळ प्रत) आणि वॉल फाइलींवरून (पोस्टग्रेसच्या बदलांच्या लॉगवरून) संपूर्ण क्लस्टर (एका पोस्टग्रेस सर्व्हरवरील सर्व डेटाबेस) दुसरीकडे उभा करून तेथून त्या आणाव्या लागतात.

आपल्या क्लस्टरमध्ये डेटा चेकसम चालू आहेत का, तेही पाहा. २०२५ मध्ये आलेल्या आवृत्ती १८ पासून नवा क्लस्टर बनवताना ते आपोआप चालू होतात. त्याआधी ते मुद्दाम मागावे लागत आणि पुष्कळ ठिकाणी ते राहून गेलेले असतात. आवृत्ती १२ पासून पीजी चेकसम्स या साधनाने, सर्व्हर नीट बंद करून, जुन्या क्लस्टरवरही ते चालू करता येतात. डेटा किती आहे त्यावर वेळ लागेल, तेव्हा कामाचा दिवस सोडून हे करावे. चेकसम चालू असले की पीजी बेसबॅकअप हे साधन बॅकअप घेतानाच प्रत्येक पेज तपासते आणि बिघडलेले पेज आढळल्यास तसे सांगते.